कोलोनोस्कोपीची बायोप्सी दोनदा निर्दोष आली, तरी गुदाशयात गाठ आहे: सुईने बायोप्सी करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आईंचे वय ६१. शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, या तक्रारीवरून कोलोनोस्कोपी झाली आणि गुदद्वारापासून सुमारे ६ सेंटिमीटर अंतरावर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीत फुगवटा दिसला. त्यावरचे आवरण गुळगुळीत होते, कुठेही जखम नव्हती. दोन वेळा चिमट्याने तुकडे काढले आणि दोन्ही वेळा ‘क्रॉनिक नॉनस्पेसिफिक प्रोक्टायटिस’, म्हणजे साधी जुनाट सूज, असा अहवाल आला. एमआरआयमध्ये मात्र साडेतीन सेंटिमीटरची घट्ट गाठ स्पष्ट दिसते. एका सर्जननी थेट शस्त्रक्रिया सुचवली असून गाठ बरीच खाली असल्याने शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागू शकेल, असे सांगितले आहे. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात की आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने बायोप्सी घेऊ. नातेवाइकांनी बजावले आहे की गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो. त्यात दोन वर्षांपूर्वी आईंची अँजिओप्लास्टी झालेली असून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या चालू आहेत.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि गेली अठरा वर्षे एंडोस्कोपिक सोनोग्राफी हेच माझे रोजचे काम आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी सुईने बायोप्सी करून घ्यावी. मात्र मी आईंना तपासलेले नाही, एमआरआयच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे त्यातले काय त्यांना लागू पडते हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. काही गोष्टींवर हे मत बदलूही शकते आणि त्या कोणत्या हे मी ओघात सांगेन.

तुम्ही विचारले आहे की सुई सुरक्षित आहे का. हा प्रश्न रास्तच आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो: या गाठीचे नाव कळले तर पुढचा उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर सुई टोचण्याचा थोडासा धोकाही पत्करू नये. बदलणार असेल, तर नाव न कळता शस्त्रक्रिया करणे हाच मोठा धोका ठरतो. तुमच्या आईंच्या बाबतीत उपचार पार बदलू शकतो, म्हणून मी सुईच्या बाजूने आहे.

आधी दोन निर्दोष अहवालांविषयी लिहितो, कारण त्यांनी घरात खोटा दिलासा आणि मग गोंधळ निर्माण केलेला दिसतो. गुदाशयाची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते, पण तिच्यात थर असतात: सर्वांत आत श्लेष्मल आवरण, त्याखाली रक्तवाहिन्या आणि सैल ऊती असलेला थर, त्याखाली स्नायूंचा थर आणि त्याच्याही बाहेर चरबी. कोलोनोस्कोपीचा चिमटा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान तुकडा घेतो आणि तो बहुतेक वेळा फक्त आतल्या आवरणाचा असतो. नेहमीचा गुदाशयाचा कॅन्सर या आवरणातूनच सुरू होतो, त्यामुळे त्याचे निदान चिमट्याने सहज होते. तुमच्या आईंच्या गाठीवरचे आवरण मात्र शाबूत आहे, याचा अर्थ गाठ आवरणाखाली आहे. चिमट्याने वरचा थर खरवडला, पॅथॉलॉजिस्टनी तो पाहिला आणि त्यात जी किरकोळ सूज होती ती प्रामाणिकपणे लिहिली. तो अहवाल चुकीचा नाही. तो गाठीचा अहवालच नाही. भिंतीवरच्या रंगाचा पापुद्रा तपासून आतल्या विटेविषयी काही सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून तिसऱ्यांदा चिमट्याने बायोप्सी करू नये. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुकडे घेत खोल जाण्याची पद्धत आहे, पण तिचा भरवसा कमी, रक्तस्रावाची शक्यता जास्त, आणि तिथे व्रण तयार झाला की पुढे गाठ दुर्बिणीतून सोलून काढायची वेळ आली तर काम अवघड होऊन बसते.

एंडोस्कोपिक सोनोग्राफीत दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. गरोदरपणात पोटावरून करतात त्याच ध्वनिलहरी, फक्त इथे प्रोब गाठीपासून काही मिलिमीटरवर असतो, त्यामुळे अधिक वारंवारतेच्या लहरी वापरता येतात आणि चित्र फार बारकाईने दिसते. गुदाशयाची निरोगी भिंत पडद्यावर पाच पट्ट्यांची दिसते: आतून बाहेर पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. मधली पांढरी पट्टी म्हणजे आवरणाखालचा सैल थर आणि चौथी, काळी पट्टी म्हणजे स्नायू. मी प्रोब टेकवला की आधी गाठीकडे पाहतच नाही. शेजारच्या निरोगी भिंतीवरची एकेक पट्टी धरून हळूहळू गाठीकडे सरकतो आणि कोणती पट्टी फुगून गाठ झाली आहे हे शोधतो. पुष्कळदा निम्मे निदान इथेच होते. तिसऱ्या पट्टीतली चकचकीत पांढरी गाठ म्हणजे बहुधा चरबीची साधी गाठ. तिला सुई लावण्याचे कारणच उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीतली लहान, करडी-काळपट गाठ न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची, असू शकते. चौथ्या पट्टीतून निघालेली काळपट गाठ असेल तर जिस्ट किंवा लिओमायोमा या दोन स्नायूथरातल्या गाठींचा विचार करावा लागतो. कधी कधी असेही निघते की भिंतीचे पाचही थर जागच्या जागी आहेत आणि गाठ बाहेरून दाबते आहे.

अनुभवाने सांगतो, नुसत्या चित्रावर विसंबून मोठा निर्णय घेऊ नये. जिस्ट आणि लिओमायोमा पडद्यावर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एक कॅन्सरच्या बाजूला झुकणारी, दुसरी साधी. फरक सांगतो तो तुकडा आणि त्यावरच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगाने ओळखण्याच्या, चाचण्या: जिस्टमध्ये सीडी-११७ आणि डॉग-१ हे रंग उमटतात, लिओमायोमात डेस्मिन उमटते.

आता उपचार कसा बदलतो ते पाहा. एकूण जिस्टपैकी गुदाशयात आढळणाऱ्या गाठी सुमारे ५ टक्केच असतात, पण गुदाशयाच्या पुढच्या भिंतीत, गुळगुळीत आवरणाखाली असलेली घट्ट गाठ म्हटल्यावर माझ्या मनात पहिले नाव तेच येते. जिस्ट असेल तर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत २००२ मध्ये या आजारासाठी तिला मान्यता मिळाली. त्याआधी या गाठीवर केमोथेरपीचा जवळजवळ उपयोग होत नसे. आज ही गोळी शस्त्रक्रियेआधी साधारण सहा महिने ते वर्षभर देऊन गाठ लहान करता येते आणि गुदद्वाराचा स्नायू वाचवून, म्हणजे कायमची पिशवी टाळून, गाठ काढणे अनेकांच्या बाबतीत शक्य होते. ही गोळी तुकड्यावर निदान पक्के झाल्याशिवाय देता येत नाही. शिवाय गाठीतल्या जनुकीय बदलावर तिचा परिणाम अवलंबून असतो आणि काही बदलांमध्ये तिचा उपयोगच होत नाही, म्हणून जनुकीय चाचणीला पुरेल एवढा तुकडा हवा. लिओमायोमा निघाला तर मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच नसते. गुदद्वाराच्या वाटेने फक्त गाठ काढता येऊ शकते. न्यूरोएंडोक्राइन गाठ २ सेंटिमीटरच्या वर असेल तर ती लसीकाग्रंथींत गेली आहे का हे पाहावे लागते आणि शस्त्रक्रियेची आखणी त्याप्रमाणे मोठी होते. लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, निघाला तर उपचार मुख्यतः औषधांचा असतो. म्हणजे तोच फुगवटा, तीच जागा, आणि एका टोकाला कायमची पिशवी तर दुसऱ्या टोकाला रोजची एक गोळी. तुमच्या आईंनी कायमच्या पिशवीला संमती देण्याआधी त्यांच्या हातात गाठीचे नाव असायलाच हवे, असे मला मनापासून वाटते.

एक रुग्ण सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचा गुदाशय नळीसारखा अरुंद आणि कडक झाला होता. चिमट्याच्या तीन बायोप्सी निर्दोष आल्या होत्या. गुदाशय काढून टाकण्याचे जवळजवळ ठरले होते. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत भिंत चौपट जाड आणि सगळे थर एकमेकांत मिसळलेले दिसले. सुईने घेतलेल्या तुकड्यात स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरच्या पेशी निघाल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झाले होते; तो संपला असे समजून कुणी त्याचा उल्लेखही केला नव्हता. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि त्यांना हार्मोनची औषधे सुरू झाली. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला जुन्या आजारांविषयी, गर्भाशयाच्या आणि बीजकोशाच्या शस्त्रक्रियांविषयी खोदून खोदून विचारतो. तुमच्या आईंची तशी काही जुनी शस्त्रक्रिया असेल तर तिचे कागद जरूर बरोबर न्या, वीस वर्षांपूर्वीचे असले तरी.

प्रत्यक्ष प्रक्रिया कशी होते ते सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध देऊन आतडे साफ करतात. गाठ गुदाशयातच असेल तर काही ठिकाणी एनिमावर भागवतात. मला स्वतःला पूर्ण सफाई पसंत आहे, कारण सुई मळातून गेली तर जंतू आत जातात आणि चित्रही खराब येते. शिरेतून गुंगीचे औषध दिले जाते, रुग्ण डाव्या कुशीवर असतो. प्रोब गाठीवर टेकवल्यावर मी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावून सुईच्या वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे पाहतो. मग दुर्बिणीच्या आतल्या वाटेने सुई बाहेर येते, पडद्यावर पांढऱ्या चमकत्या रेषेसारखी दिसते आणि गाठीत शिरताना क्षणोक्षणी दिसत राहते. आत गेल्यावर सुई एकाच रेषेत मागेपुढे न करता पंख्याच्या काड्यांसारखी थोडी वेगवेगळ्या दिशांना फिरवतो, म्हणजे गाठीच्या निरनिराळ्या भागांचा नमुना येतो. सारे मिळून अर्धा-पाऊण तास लागतो.

सुईविषयी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा: तुम्ही नुसत्या पेशी घेणार की तुकडा? तुम्ही एफएनएसी हा शब्द ऐकला असेल. त्यात बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरतात. स्नायूथरातल्या गाठी चिवट असतात, त्यांतून पेशी सुट्या होत नाहीत, आणि निघाल्या तरी सगळ्या लांबट पेशी एकसारख्या दिसतात. इथे तुकडा येणारी सुई हवी. अलीकडच्या बायोप्सी-सुयांचे टोक मुकुटासारखे किंवा काट्यासारखे घडवलेले असते आणि त्या २२ किंवा १९ गेजच्या मिळतात. आकडा जितका कमी, तितकी सुई जाड. माझ्या हातात गुदाशयासाठी बहुतेक वेळा २२ गेजची सुई असते, कारण दुर्बीण इथे सरळ राहते आणि एवढ्या सुईनेही पुरेसा तुकडा येतो. साधारण दोन ते तीन वेळा सुई घालावी लागते.

सुई बाहेर काढल्यावर आतली तार ढकलून नमुना काचेवर घेतो. पहिल्यांदा दिसते ती लाल, ओलसर गुठळी. ती सुईच्या टोकाने हलकेच पसरवली की त्यात शेवईच्या तुकड्यासारखा पांढरट धागा दिसायला हवा. तो पांढरा धागा म्हणजे गाठीचा ऊतक; लाल असते ते नुसते रक्त. धागा दिसला नाही किंवा अगदी तुटक दिसला, तर मी पुन्हा सुई घालतो. काही केंद्रांमध्ये पॅथॉलॉजिस्ट त्याच खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसतात आणि नमुना पुरेसा आहे की नाही हे जागेवरच सांगतात. ती सोय असेल तर उत्तमच. ती नसेल तर डॉक्टरांनी असा धागा डोळ्यांनी पाहून खात्री केली पाहिजे.

नमुना कोणत्या बाटलीत जातो याला मी फार महत्त्व देतो आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाच्या आतड्याच्या जाड भिंतीचा नमुना मी सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला. अहवालात ग्रॅन्युलोमा आला, म्हणजे क्षयरोगाची शंका. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्सचा आजार (आतड्याची दीर्घकाळची सूज) यांतला फरक करणे हा नेहमीचाच पेच, आणि जंतूंचे कल्चर फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर होत नाही, कारण फॉर्मॅलिन जंतू मारते. त्या मुलाला केवळ माझ्या घाईमुळे दुसऱ्यांदा गुंगी घ्यावी लागली. तेव्हापासून क्षयरोगाची किंचितही शंका असली तर एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवतो आणि तो जीनएक्स्पर्ट या क्षयरोगाच्या जलद चाचणीसाठी व कल्चरसाठी जातो. लिम्फोमाची शंका असेल तर पेशींच्या विशेष तपासणीसाठी ताजा नमुना लागतो, तोही फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत फॉर्मॅलिनचा नमुनाच मुख्य ठरेल, पण एक तुकडा वेगळा ठेवता येईल का, हे आधी विचारून ठेवायला हरकत नाही.

आता नातेवाइकांच्या भीतीकडे येतो. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे ही भीती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या विरळ आहेत. शिवाय इथे सुई गुदाशयाच्या आतून थेट गाठीत जाते. मध्ये पोटाची पोकळी येत नाही, आणि पुढे गाठ काढताना भिंतीचा तो भागही बहुधा सोबतच निघतो. याच कारणासाठी जिस्टच्या शंकेत पोटाच्या किंवा ढुंगणाच्या त्वचेतून सुई घालण्यापेक्षा आतून जाणारी वाट आम्हाला अधिक योग्य वाटते. सुईमुळे साधा आजार कॅन्सरमध्ये बदलतो, हे तर मुळीच खरे नाही.

मात्र काही ठिकाणी मी स्वतः सुई हातात धरत नाही आणि ते सांगणे माझे कर्तव्य आहे. गुदाशयाच्या मागे, माकडहाडाच्या पुढे जन्मजात पुटी असतात; त्यांत गुदाशयातून सुई गेली तर पू होऊन साध्या आजाराचे मोठे दुखणे होते. त्याच जागी कधी मज्जारज्जूच्या आवरणाचा फुगवटा असतो आणि तिथे सुई लागणे म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचे जीवघेणे संकट. माकडहाडातून निघणारी कॉर्डोमा नावाची गाठ असेल तर सुई गुदाशयातून मुळीच घालत नाहीत, कारण मग ती वाट काढून टाकण्यासाठी गुदाशयाचाही बळी द्यावा लागतो. म्हणून मागच्या बाजूच्या गाठीला एमआरआय पाहिल्याशिवाय सुई लावू नये, हा माझा नियम आहे. आईंची गाठ पुढच्या भिंतीत आणि घट्ट आहे, एमआरआयही झालेला आहे, त्यामुळे यांतले काही लागू होईल असे वाटत नाही. डॉपलरमध्ये गाठ रक्तवाहिन्यांचेच जाळे निघाली, तरीही मी थांबतो. आणि १ सेंटिमीटरपेक्षा लहान, पिवळसर न्यूरोएंडोक्राइन गाठ दिसली तर सुई न लावता ती दुर्बिणीतून पूर्ण काढणे हेच निदान आणि तोच उपचार.

आणखी एक बारीक मुद्दा, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून. आतल्या आवरणाचा नेहमीचा कॅन्सर असेल आणि शेजारच्या लसीकाग्रंथीला सुई लावायची असेल, तर आतड्याच्या पोकळीत सुट्या झालेल्या कॅन्सरपेशी सुईला चिकटून नमुन्यात येऊ शकतात आणि निरोगी ग्रंथीही कॅन्सरग्रस्त वाटू शकते. म्हणून तिथे सुईच्या अहवालाकडे सावधपणे पाहावे लागते. आईंच्या गाठीवरचे आवरण शाबूत असल्याने हा प्रश्न येत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर जोडाच्या बाहेरच्या बाजूने आजार परत आल्याची शंका असते, तिथे मात्र ही सुई फार मोलाची ठरते, कारण आतून सारे निर्दोष दिसत असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मुद्दा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. सुईने घ्यायची बायोप्सी ही रक्तस्रावाच्या दृष्टीने जोखमीची प्रक्रिया मानली जाते. सर्वसाधारण पद्धत अशी की अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची आणि क्लोपिडोग्रेल सुमारे ७ दिवस आधी थांबवायची. पण ती गोळी तुम्ही स्वतःहून थांबवू नका, आणि माझ्या उत्तराच्या भरवशावर तर नाहीच. अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) कोणत्या प्रकारचा आहे, कुठे बसवला आहे, दोन वर्षांनंतरही दोन्ही गोळ्या का चालू ठेवल्या आहेत, हे हृदयरोगतज्ज्ञांना माहीत आहे. थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या. हृदयरोगतज्ज्ञ नाही म्हणाले, तर मी बायोप्सी पुढे ढकलतो. अशी गाठ काही आठवड्यांनी पाहिल्याने सहसा नुकसान होत नाही, स्टेंट बंद पडल्याने होते. इतर वाचकांसाठी एवढेच की वॉर्फरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा, दीडच्या खाली आल्याची खात्री करतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा हिशेब मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशी राहण्याच्या दिवसाचे वेळापत्रकही विचारून घ्या.

घट्ट गाठीसाठी प्रतिजैविके आधी देण्याची सरसकट गरज नाही, कारण जंतू रक्तात जाण्याचे प्रमाण कमी असते. तरी काही डॉक्टर गुदाशयाच्या बाबतीत एखादा डोस देतात आणि त्यात गैर काही नाही. पाण्याची पुटी असेल तर मात्र प्रश्न वेगळा. बायोप्सीनंतर एक-दोन दिवस शौचाबरोबर रक्ताचा थोडा अंश दिसू शकतो. ताप, थंडी वाजणे, ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे, रक्ताच्या गुठळ्या पडणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जा.

तुमच्या गावी एंडोस्कोपिक सोनोग्राफी होत नसेल तर पर्याय आहेत. ६ सेंटिमीटरवरची गाठ बोटाला लागते. प्रोस्टेटची बायोप्सी ज्या प्रोबने करतात, तसाच प्रोब गुदद्वारातून घालून ट्रूकट, म्हणजे तुकडा कापून घेणाऱ्या, सुईने नमुना घेता येतो आणि तो चांगला जाडसर येतो. स्त्रियांमध्ये पुढच्या भिंतीतली गाठ योनिमार्गाच्या सोनोग्राफीतून अगदी जवळ दिसते आणि काही रेडिओलॉजिस्ट त्या वाटेने बायोप्सी घेतात. तुमच्याकडे अनुभवी हात कोणता आहे यावर मी वाट निवडेन, यंत्र किती महाग आहे यावर नाही. गाठ मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या, उजवीकडच्या भागात असती तर चित्र वेगळे असते. ही वाकडी, जाड दुर्बीण तिथवर नेणे कठीण असते. तिथे पोटावरून सोनोग्राफी करत, प्रोबने दाबून मधला वायू बाजूला सारून, आतड्याच्या जाड भिंतीत १८ गेजची सुई घालतात आणि तिने आतड्याच्या पोकळीत शिरू नये याची काळजी घेतात.

सुईचा अहवालही ‘काही सापडले नाही’ असा आला तर काय, असे तुम्ही विचारले आहे. तेव्हा अहवालातले शब्द नीट वाचा. ‘नमुना अपुरा’ आणि ‘नमुना पुरेसा, त्यात कॅन्सर नाही’ हे दोन अगदी वेगळे निष्कर्ष आहेत. अपुरा असेल तर मी एकदा पुन्हा प्रयत्न करतो, सुई किंवा वाट बदलून. पुरेसा तुकडा असूनही त्यात फक्त साधे स्नायू किंवा तंतू आले आणि एमआरआयमध्ये गाठ संशयास्पदच दिसत असेल, तर पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र बसून बोलावे लागते. दुसऱ्यांदाही नाव कळले नाही तर गाठ काढून निदान करणे हाच मार्ग उरतो आणि तेव्हा सर्जनचे पहिले मत योग्य ठरते. हेही लक्षात असू द्या की एवढ्याशा तुकड्यावरून गाठीचे नाव कळते, पण ती किती आक्रमक आहे हे पूर्णपणे कळत नाही. जिस्टमध्ये पेशी किती वेगाने विभागत आहेत हे मोजायला मोठे क्षेत्र लागते, म्हणून धोक्याचा अंतिम अंदाज गाठ काढल्यानंतरच बांधता येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती, मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि त्याच वेळी तुकडा येणाऱ्या सुईने बायोप्सी, मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसह अहवाल, ज्याला आठवडा-दहा दिवस लागू शकतात, आणि तो हाती घेऊन सर्जनशी पिशवीविषयी पुन्हा बोलणे. त्या सर्जननी चुकीचे काही सांगितले आहे असे समजू नका. गाठीचे नाव माहीत नसताना त्यांनी सर्वांत वाईट शक्यता धरून सल्ला दिला आहे.

अहवालाच्या कागदाबरोबर प्रयोगशाळेतून स्लाइड आणि नमुना ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. दुसरे मत घ्यायला परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट तोच नमुना स्वतः पाहतात, आणि जनुकीय चाचणीही त्याच ब्लॉकवर होते. ब्लॉक नसेल तर आईंना पुन्हा सुई घ्यावी लागेल. ब्लॉक लहानशा डबीत, नाव आणि नमुना क्रमांक लिहून, सावलीत ठेवा. फ्रीजची गरज नाही, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो विसरू नका, कारण मेण मऊ पडते.